करोडगिरी नाक्यावरचे मीठ

२०२५ साली सर्वपित्री अमावास्या २१ सप्टेंबरला, रविवारी आली. दुसऱ्या दिवशी घटस्थापना. त्या संध्याकाळी धाराशिवच्या आमच्या घरात तीन गोष्टी एकदमच चालल्या होत्या. बाहेर पाऊस थांबायचे नाव घेत नव्हता आणि परंडा-भूमकडच्या नातेवाइकांचे फोन येत होते. आत सौ. तुळजापूरला न्यायच्या ओटीचे सामान ताटात मांडत होती. बैठकीच्या खोलीत टीव्ही बंद होता आणि त्याचा रिमोट पुतण्याने खिशात घातला होता.

दुबईत त्या रात्री आशिया चषकातला भारत-पाकिस्तान सामना होता. एप्रिलमध्ये पहलगामला २६ माणसे मारली गेली, त्यांतली सहा आपल्या महाराष्ट्रातली. पुतण्याचे म्हणणे सरळ होते. ज्यांच्या घरची माणसे गेली, त्यांच्यातले काही जण हात जोडून सांगताहेत की हा सामना पाहू नका. एवढेही आपल्याला जमत नसेल तर कसला देश आणि कसले काय? धाकटा नातू रडवेला झाला होता. मेव्हणे म्हणाले, "खेळणारे खेळतायत, खेळवणारे पैसे मिळवतायत, आणि बघणाऱ्यानं तेवढं पाप करायचं नाही होय?" मग पुतण्या माझ्याकडे वळला. "काका, तीस वर्षं इतिहास शिकवलात. तुम्हीच सांगा."

मी काही बोलायच्या आत सौ. आतून म्हणाली, "सामना बंद केलात ते ठीक. पण ओटीतली ही खारीक कुठली, आणि उपासाचं शेंदेलोण कुठलं, तेही एकदा बघा."

प्रश्न थट्टेत विचारलेला असला तरी बिनतोड होता. शेंदेलोण, म्हणजे सैंधव मीठ, पिढ्यान्‌पिढ्या येत आले ते मुख्यतः आज पाकिस्तानात असलेल्या खेवड्याच्या खाणीतून. खारकेचेही तेच. २०१९ पूर्वी आपल्या बाजारातली खारीक बहुतांशी सिंधकडून येई. पुलवामानंतर फेब्रुवारी २०१९ मध्ये पाकिस्तानी मालावर २०० टक्के आयातशुल्क बसले आणि २ मे २०२५ पासून तिथून थेट वा आडमार्गाने येणारी सगळी आयात बंद झाली. तरी जूनमध्ये न्हावा शेवा बंदरात दुबईमार्गे आलेले ३९ कंटेनर पकडले गेलेच. त्या प्रकरणातही खारीक होती. आई भवानीच्या ओटीत आणि नवरात्राच्या उपासात शत्रुराष्ट्राचा माल कधीपासून होता आणि त्याला तसे कोणी म्हणाले नव्हते.

त्या रात्री मी पुतण्याला उत्तर दिले नाही. हा लेख म्हणजे ते उत्तर आहे. ते शोधायला मला लांब जावे लागले नाही. सामान्य माणसाने परक्या राज्याच्या मालावर बहिष्कार घालावा का, हा प्रश्न आमच्या जिल्ह्याने एकदा फार जवळून पाहिला आहे, आणि तोही दोन्ही बाजूंनी.

हद्दीवरचा जिल्हा

धाराशिव हा हद्दीवरचा जिल्हा. १८५३ च्या तहात निजामाने वऱ्हाड आणि रायचूर दोआबाबरोबर हा मुलूखही इंग्रजांकडे सोपवला. मेडोज टेलर हा इंग्रज लेखक-अधिकारी त्या काळात नळदुर्गाहून इथला कारभार पाहत असे. १८६० मध्ये मुलूख पुन्हा निजामाकडे आला. पुढे शेवटचा निजाम मीर उस्मान अली खान याच्या नावावरून धाराशिवचे उस्मानाबाद झाले. ते नाव अधिकृतपणे बदलायला २०२३ साल उजाडले.

पश्चिमेला बार्शी तालुका मात्र सोलापूर जिल्ह्यात, म्हणजे इंग्रजी मुलखात. बोली एक, देव एक, सोयरिकी एकमेकांत. मधे हद्द. हद्दीवर निजामाचा जकात नाका असे. त्याला आमच्याकडे करोडगिरी नाका म्हणत. अलीकडे हाली सिक्का चाले, पलीकडे कळदार. सहा कळदार रुपयांना सात हाली असा साधारण भाव असे. कुर्डुवाडी-बार्शीकडून लातूरला जाणारी बार्शी लाइटची छोटी गाडी ही हद्द रोज ओलांडायची. माझ्या आजीचे सासर यडशीच्या बाजूला निजामीत आणि माहेर बार्शी तालुक्यात. माहेरची भाऊबीज पोचायची ती नाक्यावर पडशी उघडून दाखवूनच.

१५ ऑगस्ट १९४७ ला ही रेघ एकाएकी दोन देशांमधली झाली. निजामाने भारतात सामील व्हायचे नाकारले. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसने ७ ऑगस्टलाच सामिलीकरणासाठी आंदोलन पुकारले होते. २९ नोव्हेंबर १९४७ ला भारत आणि निजाम यांच्यात 'जैसे थे' करार झाला. लगोलग निजाम सरकारने संस्थानात भारतीय चलनाच्या वापरावर बंदी आणली आणि पाकिस्तानला २० कोटी रुपयांचे कर्ज भारत सरकारच्या रोख्यांच्या रूपाने देऊ केले. इकडे रझाकारांचा जोर वाढत चालला होता. त्यांचा म्होरक्या कासिम रझवी हा लातूरचा वकील, आणि लातूर तेव्हा आमच्याच जिल्ह्यात.

भारताच्या बाजूने मग नाकेबंदी सुरू झाली. निर्बंध मुख्यतः शस्त्रास्त्रे आणि युद्धोपयोगी सामानावर आहेत, असे भारत सरकार म्हणे. ही सगळ्या मालाची कोंडी आहे, अशी निजाम सरकारची तक्रार होती. ऑगस्ट १९४८ मध्ये ती संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपर्यंत गेली. दिल्ली-हैदराबादच्या पत्रव्यवहारात काय होते ते असो. ज्या संस्थानाला समुद्रच नाही, तिथे मीठ, रॉकेल, पेट्रोल, औषधे सगळे बाहेरूनच यायचे. हद्द आवळली की पहिला चटका चुलीला बसणार हे उघड होते. निजामाच्या किंग कोठीतले मीठ त्यामुळे कमी झाले असेल असे मला वाटत नाही.

भैनीचे मीठ

आजीची आठवण इथे सांगतो. इतिहासाच्या शिक्षकाने घरच्या आठवणीला पुरावा म्हणू नये हे मला कळते. पण प्रश्न नेमका कुठे दुखतो ते तिच्यावरून समजते.

१९४८ च्या उन्हाळ्यात घरातले मीठ संपले. गावच्या किराणा दुकानदाराकडेही तळाचेच उरले होते. दुकानदार मुसलमान होता. त्याने ओंजळभर मीठ आजीच्या पदरात घातले. तिन्हीसांज झाली होती आणि त्या वेळी मीठ हातावर द्यायचे नसते, म्हणून आधी जमिनीवर फडके टाकून त्यावर ठेवले. पैसे घेतले नाहीत. "आल्यावर द्या," म्हणाला.

निरोप माहेरी गेला. आजीचा भाऊ मिठाचे बोचके घेऊन बैलगाडीने निघाला. करोडगिरीचा शिपाई धरील अशी त्याला भीती होती. धरले ते अलीकडच्या, म्हणजे भारताच्या बाजूच्या शिपायाने.

"दुश्मनाच्या राज्यात मीठ जाऊ द्यायचं नाही, असा हुकूम आहे."

"साहेब, दुश्मनाच्या राज्यात माझी भैन हाय."

शिपाई बराच वेळ बोलला नाही. मग अर्धे मीठ काढून घेतले आणि अर्धे जाऊ दिले. आजी ही गोष्ट सांगताना त्या शिपायाला कधी वाईट म्हणाली नाही. "त्याला हुकूम होता," एवढेच. उरलेल्या मिठातून ओंजळभर तिने पहिल्यांदा दुकानदाराला परत नेऊन दिले.

आता हे लक्षात घ्यायला हवे की आजीचे सासर निजामाच्या बाजूचे नव्हते. घरातला एक चुलत दीर सरहद्दीवरच्या कॅम्पात गेला होता. हद्दीच्या पलीकडे भारताच्या मुलखात स्टेट काँग्रेसचे असे कॅम्प होते आणि तिथून तरुण निजामी हद्दीत शिरत. करोडगिरी नाके जाळणे हे त्यांचे ठरलेले काम. म्हणजे एकाच घरातला एक माणूस नाका जाळत होता आणि त्याच घराचे मीठ पलीकडच्या नाक्यावर अडत होते.

लोकांनी स्वतः घातलेला बहिष्कार

त्या वर्षभरात आमच्या जिल्ह्यात आणि साऱ्या मराठवाड्यात लोकांनी स्वतःहूनही बहिष्कार घातला होता, आणि तो नाकेबंदीपेक्षा वेगळा होता. सरकारी लेव्हीचे धान्य घालायला गावांनी नकार दिला. शिंदीची झाडे तोडली, कारण शिंदी-ताडीच्या अबकारीतून निजामाचा खजिना भरत असे. अनेक वकिलांनी कोर्टात जाणे सोडले, विद्यार्थ्यांनी शाळा-कॉलेजे सोडली. त्याआधी १९३८ मध्ये 'वंदे मातरम्' म्हटल्याबद्दल उस्मानिया विद्यापीठाने विद्यार्थ्यांना काढून टाकले, तेव्हा कित्येकांनी माफी न मागता नागपूरची वाट धरली होती.

या सगळ्यात एक सूत्र आहे. लेव्ही नाकारणाऱ्याच्या दारात पोलीस आणि रझाकार येत. कोर्ट सोडणाऱ्या वकिलाची मिळकत थांबे. शाळा सोडणाऱ्याचे वर्ष बुडे. बहिष्काराची किंमत बहिष्कार घालणाराच मोजत होता, आणि फटका बसत होता तो नेमका राजाच्या तिजोरीला नि हुकमतीला. मिठाच्या नाकेबंदीत हुकूम एकाचा होता, किंमत भलत्याचीच. नाकेबंदी चुकीचीच होती असे मी म्हणत नाही. ते राज्याने राज्याविरुद्ध वापरलेले हत्यार होते, आणि युद्ध टाळण्यासाठी राज्यांना अशी हत्यारे वापरावी लागतात. पण त्या दोन्हींना एकच शब्द वापरला की घोटाळा होतो.

शब्दाची दोन तोंडे

'बॉयकॉट' हा इंग्रजी शब्द १८८० साली आयर्लंडात जन्मला. कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट हा जमीनदाराचा कारभारी. कुळांनी त्याच्याशी सारे व्यवहार तोडले आणि त्याचे आडनाव क्रियापद झाले. दुबळ्यांनी बळवंताविरुद्ध वापरलेले हे हत्यार. मराठीत आपण त्याला 'बहिष्कार' म्हटले. पण आपल्याकडे बहिष्कार त्याच्याही आधीपासून होता आणि त्याची दिशा नेमकी उलटी होती. गावाने एखाद्या घराला, जातीने एखाद्या माणसाला वाळीत टाकायचे. पाणी बंद, विस्तव बंद, न्हावी बंद, वाण्याकडचे मीठ बंद. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ मध्ये पाक्षिक काढले त्याचे नाव 'बहिष्कृत भारत' होते, ते उगीच नव्हे. मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीने, जिच्यावर आंबेडकर सदस्य होते, १९३० च्या अहवालात दलितांना हक्क बजावू न देणारे सर्वांत मोठे हत्यार म्हणून सामाजिक बहिष्काराकडेच बोट दाखवले. आणि महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला तो २०१६ साली. शब्द एकच. एका तोंडाने तो सत्तेला चावतो, दुसऱ्या तोंडाने शेजाऱ्याला.

आपली स्वदेशीची परंपरा पहिल्या तोंडाची, आणि तिचा अभिमान वाटावा अशी आहे. लोकहितवादींनी शतपत्रांत देशी मालाचा आग्रह धरला. सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, १८७७ च्या दिल्ली दरबारात स्वतः कातलेल्या सुताचे खादीचे कपडे घालून उभे राहिले. वंगभंगानंतर ७ ऑक्टोबर १९०५ ला पुण्यात विदेशी कापडाची होळी झाली. सावरकरांना त्यापायी वसतिगृह सोडावे लागले आणि दंडही भरावा लागला. १२ डिसेंबर १९३० ला मुंबईत काळबादेवीला बाबू गेनू हा गिरणी कामगार विदेशी कापडाच्या ट्रकसमोर आडवा झाला आणि मेला. याच्याइतकी किंमत कोणी मोजली नाही. दुसरी गोष्ट तितकीच महत्त्वाची. या माणसांनी नुसते 'नको' म्हटले नाही. पैसा पैसा गोळा करून उभ्या राहिलेल्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगाव दाभाड्याला काचेचा कारखाना निघाला. विदेशी काच नको म्हणायची तर देशी काच कुठून आणायची, याचे उत्तर त्यांनी भट्टी पेटवून दिले.

पण याच चळवळीच्या पोटात दुसरे तोंडही होते. बंगालमध्ये स्वस्त विलायती कापड विकून पोट भरणारे गरीब, त्यांत बरेच मुसलमान, होळीसाठी आपला माल द्यायला तयार नव्हते. महागडे देशी कापड घेणे त्यांच्या गिऱ्हाइकाला परवडत नव्हते. तेव्हा जबरदस्ती झाली. स्वदेशीच्या ऐन भरात पुढे असलेले रवींद्रनाथ त्यामुळे मागे सरले, आणि १९१६ च्या 'घरे बाइरे' कादंबरीत त्यांनी हाच पेच मांडला. बहिष्कार सरकारवर होता, हात मात्र फेरीवाल्याच्या गाठोड्याला लागला.

सप्टेंबरनंतर

१३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे भारतीय सैन्य सोलापूरकडून नळदुर्गच्या रस्त्याने आत आले. बोरी नदीवरचा पूल शाबूत हाती लागला आणि १७ सप्टेंबरला निजाम शरण आला. आमच्याकडे तो दिवस मुक्तिदिन म्हणून साजरा होतो आणि व्हायलाच हवा. रझाकारांनी जाळलेल्या आणि लुटलेल्या गावांना त्या दिवशी श्वास मिळाला.

त्यानंतरच्या आठवड्यांत जे झाले त्याबद्दल आम्ही फारसे बोलत नाही. पंडित नेहरूंनी पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि सहकाऱ्यांना पाहणीसाठी पाठवले. त्यांचा अहवाल कित्येक दशके प्रसिद्ध झाला नाही. पोलीस कारवाईच्या काळात आणि त्यानंतर संस्थानात २७ ते ४० हजार माणसे मारली गेली असावीत, असा अंदाज त्यात आहे. सर्वाधिक झळ बसलेले जिल्हे म्हणून चार नावे दिली आहेत: उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेड. या चार जिल्ह्यांतच मेलेल्यांची संख्या १८ हजारांहून कमी नसावी, असे समिती म्हणते. मारले गेलेले बहुसंख्य सामान्य मुसलमान होते. त्याच अहवालात आधीच्या रझाकारी अत्याचारांची नोंद आहे, आणि हिंदूंनी जिवावर उदार होऊन शेजाऱ्यांना वाचवल्याचीही.

आमच्या गावातले ते किराणा दुकान त्या सप्टेंबरात फुटले. दुकानदार जीव वाचवून बायकापोरांसह निघून गेला आणि परत आला नाही. आजी म्हणायची, "त्याच्या मिठाला कोणी जागलं नाही." त्याचा निजामाशी संबंध असेल तर आमचा होता तेवढाच: दोघेही त्याला कर देत होतो.

बहिष्काराच्या भावनेचा शेवट कत्तलीतच होतो, असा याचा अर्थ नाही. मिठाची नाकेबंदी आणि दुकानाची लूट यांमध्ये फार मोठे अंतर आहे. रझाकारांचा जुलूम, सूड, लुटीची हाव, अशी लुटीची कारणे पुष्कळ होती. तरीही दोन्हींत एक पायरी सारखी आहे. 'ते राज्य' म्हणता म्हणता 'ती माणसे' म्हटले जाते, आणि 'ती माणसे' म्हणता म्हणता समोरच्या दुकानाकडे बोट जाते. आमच्या जिल्ह्याने ही पायरी उतरताना पाहिली आहे. म्हणून आजही बहिष्काराची हाक आली की मी आधी बघतो, बोट कुणाकडे आहे.

मैदान

खेळाचे उदाहरण तर मुंबईचेच आहे. हिंदू, मुसलमान, पारशी, युरोपियन अशा धर्मवार संघांचे क्रिकेट सामने तिथे भरत; १९३७ पासून 'बाकीचे' हा पाचवा संघ आला आणि स्पर्धा पंचरंगी झाली. सविनय कायदेभंगाच्या काळात, १९३० ते १९३३, ती भरलीच नाही. १९४० च्या डिसेंबरात काँग्रेसचे नेते तुरुंगात जात असताना गांधीजींना सल्ला विचारला गेला, तेव्हा त्यांनी धर्मवार संघांची कल्पनाच नापसंत असल्याचे सांगितले. हिंदू जिमखान्यात मतदान होऊन थोडक्या फरकाने माघारीचा निर्णय झाला. तो न पटणारेही पुष्कळ होते. पण मतदान झाले, हे मला मोलाचे वाटते. ज्यांना खेळ सोडायचा होता त्यांनीच हात वर करून तो सोडला.

१९७४ मध्ये भारत डेव्हिस चषकाच्या अंतिम फेरीत पोचला. समोर वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिका. भारताने खेळायला नकार दिला आणि चषक न खेळता त्यांना गेला. विजय आणि आनंद अमृतराज यांच्या पिढीची ती संधी हुकली. या बहिष्काराला नैतिक बळ होते ते एका कारणाने. तिथली दडपलेली काळी जनताच जगाला सांगत होती की आमच्या राज्यकर्त्यांशी खेळू नका.

याउलट ऑक्टोबर १९९१ मध्ये वानखेडेची खेळपट्टी रात्रीत उखडली गेली आणि पाकिस्तानचा दौरा रद्द झाला. तिथे कुणी हात वर केले नव्हते. ज्यांना सामना बघायचा होता त्यांच्या वतीने चार जणांनी कुदळ चालवली. जानेवारी १९९९ मध्ये दिल्लीची खेळपट्टी उखडली गेली. त्याच महिन्यात चेन्नईला मात्र कसोटी झाली. पाठदुखीने बेजार सचिनने १३६ धावा केल्या, भारत १२ धावांनी हरला, आणि प्रेक्षकांनी उभे राहून पाकिस्तानी संघाला मानवंदना दिली. पुढच्या मे महिन्यात कारगिल घडले. म्हणून त्या टाळ्या खोट्या ठरत नाहीत. टाळ्यांनी युद्ध टळत नाही एवढाच धडा त्यातून मिळतो. आणि खेळपट्टी उखडून तरी कुठले टळले होते?

२०२५ साली सरकारने धोरण जाहीर केले: पाकिस्तानशी दुहेरी मालिका नाहीत, बहुराष्ट्रीय स्पर्धांत खेळायचे. मग सामने झाले, हस्तांदोलन झाले नाही, अंतिम सामना जिंकूनही पाकिस्तानी मंत्र्याच्या हातून चषक घेतला गेला नाही. जाहिरातींचे पैसे मात्र सगळ्यांनी घेतले. पुतण्याचा राग इथे मला रास्त वाटतो. ज्यांनी किंमत मोजायला हवी त्यांनी मोजली नाही, आणि घरातल्या टीव्हीसमोरच्या माणसाकडून मात्र देशभक्तीचा हिशेब मागितला गेला.

बाजार

मालाचा हिशेब आणखी अवघड आहे. जून २०२० मध्ये गलवानला आपले २० जवान धारातीर्थी पडले. चिनी वस्तू फोडल्याच्या चित्रफिती घरोघर पोचल्या. आयपीएलच्या नावापुढचे चिनी कंपनीचे नाव त्या वर्षी निघाले आणि पुढच्या वर्षी परत आले. २०१९-२० मध्ये चीनहून आपली आयात सुमारे ६५ अब्ज डॉलरची होती. २०२४-२५ मध्ये ती ११३ अब्ज डॉलरच्या पुढे गेली आणि व्यापारातली तूट ९९ अब्जांवर. कारण चिनी माल म्हणजे फक्त दिवाळीची माळ आणि आकाशकंदील नव्हे. औषधांचा कच्चा माल, सौरपट्ट्या, मोबाइलचे सुटे भाग, यंत्रे हा त्यातला मोठा हिस्सा. माळ फोडता येते, औषधाची गोळी कशी फोडणार? तळेगावची भट्टी पेटल्याशिवाय काच नाकारता येत नाही, हे १९०८ च्या माणसांना कळले होते.

मे २०२५ मध्ये पुण्याच्या मार्केट यार्डातल्या व्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंद उतरवायचे थांबवले. फेब्रुवारी २०१९ मध्ये झाबुआच्या टोमॅटो उत्पादकांनी, भाव मिळत असतानाही, पाकिस्तानला माल पाठवायचे नाकारले. त्यांचा निर्णय शहाणपणाचा होता का, यावर वाद घालता येईल. पण तोटा त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतला, म्हणून मी त्यांना नमस्कार करतो. तुर्की सफरचंदाच्या जागी दुसऱ्या देशाचे घेणाऱ्या गिऱ्हाइकाने त्यामानाने फारसे काही सोडलेले नसते.

आणि आमच्या जिल्ह्याचे काय? आमचे खरिपाचे पीक सोयाबीन. त्याचा भाव पाडण्यात खाद्यतेलाच्या आयातीचा वाटा मोठा. मे २०२५ च्या अखेरीस कच्च्या खाद्यतेलावरचे आयातशुल्क २० वरून १० टक्क्यांवर आले. ते तेल येते इंडोनेशिया, मलेशिया, अर्जेंटिना, ब्राझील इथून. यातला एकही आपला शत्रू नाही. त्यामुळे त्या तेलाविरुद्ध कोणी घोषणा देत नाही. सामना झाला त्याच रात्री परंडा-भूममध्ये ते सोयाबीन पाण्याखाली गेले, माणसांना पुरातून काढायला पथके आणावी लागली. देशप्रेमाला बाजारात काही काम करायचेच असेल तर ते या बाजूलाही पुष्कळ पडले आहे.

पुतण्याला उत्तर

तर माझे उत्तर असे. सामना न बघण्याचा, एखादा माल न घेण्याचा हक्क तुझा पुरेपूर आहे. मेलेल्यांच्या घरच्यांनी विनंती केली आणि तू ती मानलीस, यात हसण्यासारखे काही नाही. दुःखात शेजाऱ्याच्या घरी आपण गोडधोड करत नाही, त्यातलेच ते आहे. त्याने पाकिस्तानचे धोरण बदलणार नाही, हेही तुला माहीत असावे. सुतक पाळल्याने मेलेला परत येत नाही, तरी आपण पाळतो.

पण ते तू तुझ्यापुरते कर. खिशातला रिमोट दुसऱ्याच्या घरात नेऊ नकोस. किंमत मोजणारा तू असशील तोवर तो बहिष्कार. ती दुसऱ्याकडून वसूल करू लागलास की ते वाळीत टाकणे. राज्यांच्या भांडणात नाकेबंदी करायची की नाही ते राज्याने ठरवावे आणि त्याचा जाब आपण राज्याला विचारावा. तो गल्लीतल्या दुकानदाराला विचारू नये. आणि जो बहिष्कार कधी संपायचा हे ठरलेले नसते, तो बहिष्कार न राहता सवय होतो. लेव्ही नाकारणाऱ्यांना ठाऊक होते की त्यांना काय हवे आहे, आणि ते मिळताच त्यांनी थांबायचे होते.

२८ सप्टेंबरला अंतिम सामना झाला. पुतण्याने तो पाहिला नाही. मित्रांबरोबर गव्हाचे कट्टे, चादरी आणि मिठाच्या पुड्या घेऊन तो परंड्याकडे गेला होता. नातू शेजाऱ्यांकडे जाऊन सामना बघून आला आणि त्याला कोणी रागावले नाही. ओटीतली खारीक दुकानदाराच्या म्हणण्याप्रमाणे आता "दुबईहून" येते, सौ.ने ती तशीच देवीच्या पायाशी ठेवली. रात्री पुतण्याचा फोन आला. म्हणाला, "काका, इथं लोक धान्याच्या आधी मीठ आणि काडेपेटी मागतायत."

मी म्हटले, "देऊन टाक. कुणाचं घर, ते विचारू नकोस."